गुपचूपचे इंग्रजी

मुक्काम वाडी, ता. जि. रत्नागिरी
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप आप्पा यांस,

गुणाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, असे पहिल्या ओळीत लिहिले होते. ते खोडले आहे, तुम्हाला दिसेलच. खोटे होते म्हणून नव्हे. अलीकडे कागदावर काहीही ठामपणे लिहायची मला भीती वाटते. म्हणून असे लिहितो : तुमच्या बहिणीचा, तुळसाचा, गुडघा दुखतो, पण ती चालते. माझे रक्तदाब मोजायचे यंत्र बिघडले आहे, किंवा रक्तदाब बिघडला आहे. लावणी निम्मी झाली. संस्कृती सासरहून, केळशीहून आली आहे आणि दोन्ही वेळा जेवते. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींची साखर आटोक्यात असेल. डोंबिवलीला पाणी वेळेवर येत असेल.

चौदा महिन्यांनी लिहितो आहे. फोनच केला असता, पण तुमच्या फोनवर माझा नंबर लागत नाही. एकदा टुक् असे वाजते आणि बंद होते. (संदेश म्हणतो, याला ब्लॉक करणे म्हणतात. मी त्याला म्हटले, डोंबिवलीत रेंज नसेल.) तुळसाच्या नंबरचेही तेच. तेव्हा पत्र. पाकिटावर 'खाजगी' लिहावे की नाही यात काल सगळी दुपार गेली. लिहिले तर तुमच्या सोसायटीचा वॉचमन वाचणार. न लिहिले तर वहिनी वाचणार. शेवटी काही लिहिले नाही. वहिनी, वाचत असाल तर नमस्कार.

विषय संस्कृतीच्या व्हिसाचा आहे. स्वरूप तिकडे जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (तिकडे म्हणजे कोणत्या देशात ते लिहीत नाही. सध्या मी देशांची नावे लिहायला घाबरतो.) लग्नाची रजा संपवून तो गेला, आणि त्यानंतर नवराबायको फोनच्या पडद्यावर संसार करत आहेत. तो तिकडे भात टाकतो तेव्हा ही इकडून पाणी किती ते सांगते. तिने तिकडे जायचे तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत दोन्हीकडच्या वडिलांचे निवेदन लागते : मुले कशी भेटली, लग्न कुठे झाले, कसे झाले. केळशीच्या व्याह्यांनी चार ओळी लिहून दिल्या. मुलीच्या घरी लग्न झाले, जेवण उत्तम होते, मुलगी सुस्वभावी आहे, कळावे. ते पास झाले. मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. मी चार पाने लिहिली.

माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. आधी मराठीत लिहायचे, मग इंग्रजी करायचे. लग्न अंगणात का, बँड का नाही, पत्रिका का छापली नाही, हे परक्या माणसाला समजले पाहिजे असे मला वाटले. म्हणून आईचे सगळे लिहिले. आई पौषात गेली. घरातले माणूस गेले की लग्न वर्षाच्या आत तरी करायचे, नाहीतर तीन वर्षे थांबायचे, ही आपली रीत. वर्षाच्या आत करायचे तर वाजतगाजत करायचे नाही. हे लिहून झाल्यावर मराठीत शेवटचे वाक्य असे आले : 'आईच्या दुःखामुळे आम्ही लग्न गुपचूप उरकले.' वाक्य चांगले होते. अजूनही मला त्यात दोष दिसत नाही. आता 'गुपचूप'चे इंग्रजी. पहिल्यांदा मी 'क्वाएट' लिहिले. मग वाटले, हा पाचवीच्या वर्गातला शब्द. कीप क्वाएट. ज्या मुलांना मी ते हजार वेळा सांगितले ती कधी गप्प बसली नाहीत, तर वकिलातीवर त्याचा काय परिणाम होणार. म्हणून मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. 'गुपचूप'पुढे तीन शब्द दिले होते. त्यातला तिसरा सर्वांत लांब. खात्री करावी म्हणून तो इंग्रजी शब्दकोशात पाहिला, तर तिथे उदाहरणच छापलेले होते : 'अ क्लॅन्डेस्टिन मॅरेज'. मला वाटले, हा तर लग्नासाठीच केलेला शब्द आहे. अर्थ वाचायला चष्मा बदलावा लागला असता. उदाहरण ठळक होते.

अर्ज गेला. सव्वा महिन्याने ईमेल आले. ते मी आता पाठ म्हणू शकतो, पण म्हणत नाही. मथितार्थ असा, की अर्जदाराच्या वडिलांनी हा विवाह क्लॅन्डेस्टिन असल्याचे स्वतः नमूद केले आहे. सोबतची छायाचित्रे या कथनाशी सुसंगत दिसतात. तरी तो कोणापासून आणि कोणत्या कारणासाठी लपवला, याचा खुलासा महिनाअखेरपर्यंत करावा. स्थानिक चौकशीही केली जाईल. संस्कृतीने ते पडवीत बसून वाचले. मोबाईलवर शब्दाचा अर्थ काढला. मग तिने मला एवढेच विचारले, "बाबा, आम्ही पळून गेलो होतो का?" तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. ती खरोखर विचारत होती. वडिलांनी लिहून दिले आहे म्हणजे काहीतरी असेल, असा तिचा चेहरा होता.

त्यानंतर मी चष्मा बदलला आणि अर्थ वाचला. आप्पा, या अर्थाचे अनेक शब्द इंग्रजीत आहेत आणि गेले पंधरा दिवस मी त्यांच्यात राहतो आहे, म्हणून थोडे सांगतो. सिक्रेट घ्या. सोसायटीच्या निवडणुकीत मतदान सिक्रेट असते आणि दुपारी चारपर्यंत कोणी कोणाला दिले ते वाडीत सर्वांना माहीत असते. तो शब्द निरुपद्रवी आहे. कॉन्फिडेन्शियल घ्या. नोकरीत दरवर्षी माझा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहिला गेला. मुख्याध्यापक तो मलाच लिहायला देत, कारण त्यांचे इंग्रजी कच्चे होते. (मी स्वतःविषयी 'समाधानकारक' लिहीत असे. जास्त लिहायची भीती वाटे.) फर्टिव्ह म्हणजे मांजर तोंडात बांगडा धरून भिंतीवरून जाते तेव्हा मागे वळून बघते, ते बघणे. सरप्टिशस हा शब्द मोठ्याने वाचला तर पायाखालून काहीतरी सरपटत गेल्यासारखे वाटते, म्हणून मी तो मोठ्याने वाचत नाही. हे सगळे चालले असते. क्लॅन्डेस्टिन वेगळा आहे. दिवे बंद करून दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेला ट्रॉलर क्लॅन्डेस्टिन असतो. नुसते लपवलेले असून भागत नाही. लपवायला कारण लागते, आणि ते कारण वाईट लागते. हा शब्द मी मुलीच्या लग्नाला लावला आणि खाली सही केली.

दोष मी 'गुपचूप'लाही देऊन पाहिला. आपण मुलाला म्हणतो, गुपचूप बस. ते मूल कुठे लपून बसत नाही, समोरच बसते. आणि मांजराने गुपचूप दूध प्याले असेही आपणच म्हणतो. आपल्याकडे शांत राहणे आणि लपून करणे या दोन गोष्टींना एकच शब्द का असावा? वाडीत शांत असलेला माणूस काहीतरी लपवतोच, असा अनुभव असल्यामुळे असेल. हे मी वकिलातीला लिहायला घेतले होते. तुळसाने कागद काढून घेतला. ती म्हणाली, "आता तुम्ही काही लिहू नका. किराण्याची यादीसुद्धा मी करते."

स्थानिक चौकशी या शब्दांनी माझी झोप गेली. रस्त्यावर अनोळखी मोटारसायकल वाजली की मी आत जायचो. मग वाटायचे, आत गेलो हे पाहिले असेल तर? म्हणून बाहेर यायचो. मग वाटायचे, आत जाऊन लगेच बाहेर आलो हे जास्त वाईट दिसले असेल. पोस्टमनने मला विचारले की, सर, तुम्हाला काही हवे आहे का. तेव्हा एक दिवस मी शहाणपणाचे असे एक काम केले. वाडीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि सांगितले की कोणी परका माणूस येऊन संस्कृतीच्या लग्नाविषयी विचारेल, तर जरा विचार करून बोला. एवढेच बोललो, आप्पा. जास्त सांगितले तर पढवल्यासारखे होईल म्हणून थांबलो. ईमेलाविषयी काही बोललो नाही, कारण लाज वाटली. सर्वांनी मान हलवली. आपल्या वाडीने मान हलवली तेव्हाच मी ओळखायला हवे होते. धरणाच्या वेळी मोजणीवाले आले, रस्त्याच्या वेळी आले, विजेचे मीटर तपासायला आले, प्रत्येक वेळी आपण एकमेकांना हेच सांगितले होते, जरा विचार करून बोला. आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी एकच होता.

तो गेल्या शुक्रवारी आला. मी रत्नागिरीला वकिलाकडे गेलो होतो. संस्कृती आणि तुळसा खालच्या वाफ्यात लावणीला होत्या. घराला कडी. रेनकोट घातलेला, पाठीला बॅग, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, असा तो शेजारी मथुराकाकूच्या पडवीत चढला. (मथुराकाकू म्हणजे लग्नात पापड तळायला बसली होती ती. तुमच्या ताटात पहिला पापड तिनेच वाढला होता. पुढचे तुम्हाला माहीत आहे, ते ताट तसेच राहिले.) त्याने विचारले, या शेजारच्या घरात गेल्या वर्षी लग्न झाले ना? काकू म्हणाली, "लगीन? ह्या घरात? कंदी? कुनी सांगितलान तुमाला?" त्याने फाईल बघून नाव सांगितले. काकू म्हणाली, "आमच्या वाडीत त्या नावाची पोरगीच नाय." मग तिने त्याला कोकमाचे सरबत दिले, फणसपोळी बांधून दिली आणि पावसातून जपून जा म्हणून सांगितले. तो आणखी चार घरी गेला. एका घरात लग्न तीन वर्षांपूर्वी झाले होते. एका घरात ते ठरून मोडले होते. दोन घरांनी दार उघडले नाही, पण आतून खोकल्याचे आवाज आले.

मी संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तर काकू शेडपाशीच उभी. चेहरा उजळलेला. "मास्तर, निर्धास्त रवा," म्हणाली. "येक अक्षर नाय बोललो कुनी. उलटा गेला." आप्पा, मी तिथेच बाकावर बसलो. तिला काय सांगणार? चौदा महिने तिने संस्कृतीला माहेरी आल्यावर ओवाळले आहे, आणि आता तिच्यावर वेळ आली म्हटल्यावर तिने तिला या जगातून नाहीशी केली. यापेक्षा जास्त प्रेम कसे करणार? मी काकूला म्हटले, बरे केलेत. घरी येऊन तुळसाला सांगितले. तुळसाने पायाचा चिखल धुतला. मग म्हणाली, "लग्न केलं तेव्हा लपवलं नव्हतं. आता लपवलंत."

रत्नागिरीचा वकील म्हणजे आमचा अजिंक्य. दहावीला माझा विद्यार्थी. कोर्टाजवळ त्याची खोली आहे आणि तिथे मला खुर्ची मिळते. त्याने माझे चार पानी निवेदन वाचले. पहिल्या पानावर तो हसला. दुसऱ्यावर नाही. चौथ्यावर त्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही माझ्या निबंधावर लाल पेनाने लिहायचात, अवजड शब्द टाळ. मी टाळले, म्हणून वकील झालो. तुम्ही काय केलंत हे?" मग त्याने कामाचे सांगितले. नकाराचा शिक्का एकदा बसला की तो पुढच्या प्रत्येक अर्जासोबत जातो. लग्न बनावट ठरले तर स्वरूपचे नोकरीचे कागदही पुन्हा तपासले जातील. शब्द चुकला असे नुसते लिहून भागणार नाही, कारण चुकलेला शब्द आणि पकडला गेलेला शब्द लांबून सारखेच दिसतात. लग्न उघड झाले होते हे दिसले पाहिजे. पत्रिका? तोंडी आमंत्रण होते. बँडवाला? नव्हता. हॉल? अंगण. नोंदणीचा दाखला आहे, पण दाखल्यावर माणसे दिसत नाहीत. तो म्हणाला, "फोटो दाखवा."

फोटो मी सोबत नेले होते. सोहम फोटोवाल्याने काढलेले, एकूण तेवीस. मी ते आजवर बाप म्हणून पाहत आलो होतो. अजिंक्यच्या टेबलावर ठेवले आणि पहिल्यांदा वकिलातीच्या डोळ्यांनी पाहिले. आप्पा, त्या फोटोंत कोणी नाही. मांडव आहे, नव्वद खुर्च्या आहेत आणि सगळ्या रिकाम्या आहेत. मध्ये नवरानवरी हार घेऊन उभी आहेत, कारण सोहमला दुसऱ्या लग्नाला जायचे होते आणि त्याने हार घालायचे फोटो आधीच काढून घेतले. संस्कृती प्रत्येक फोटोत मान वळवून रस्त्याकडे बघते आहे, कोणी येते का म्हणून. मी घाम पुसतो आहे. तुळसा रडते आहे. भटजी घड्याळ बघत आहेत. एका फोटोत स्वरूप हळूच संस्कृतीला काहीतरी विचारतो आहे. (नंतर तिने सांगितले, 'मामा नेहमीच असे करतात का' असे तो विचारत होता.) अजिंक्यने फोटो पत्त्यांसारखे जुळवून परत दिले. म्हणाला, "सर, शब्द तुम्ही चुकीचा वापरलात असं आता मलाच वाटत नाही. माणसं कुठे होती?"

माणसे कुठे होती हे मी त्याला सांगितले. तुम्हाला सांगायची गरज नाही. पण सांगतो, कारण आजवर तुम्ही आणि मी ते एकमेकांना सांगितलेले नाही. (पत्र फाडू नका. फाडायचेच तर खालच्या ताज्या कलमापर्यंत वाचून फाडा.)

मुहूर्त बारा सतराचा होता. भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. तुम्ही मागच्या पडवीत फेटा बांधत होतात. मला वाटले उशीर होतो आहे. समोर संदेश उभा होता, तुळसाचा चुलतभाऊ, तोही नात्याने मामाच. मी त्याला म्हटले, तू जा. तुम्ही फेटा बांधून बाहेर आलात तेव्हा संदेशचा हात संस्कृतीच्या खांद्यावर होता. अंगणातून सरळ निघालात, बांधावरून रस्त्याला लागलात आणि एस.टी.च्या शेडमध्ये जाऊन बसलात. रुसलात असे मी म्हणत नाही. वाडीत तसे म्हणतात. आधी संदेश धावला, मग वाडीतल्या बायका, मग पुरुष, मग आमच्याकडे काही गडबड आहे म्हणून केळशीचे सगळे वऱ्हाड. मग बारा पन्नासची गाडी आली. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि तोही उतरला. प्रवासी उतरले. एका म्हाताऱ्या प्रवाशाने तुम्हाला स्वतःच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट सांगितली असे म्हणतात. कंडक्टर म्हणाला, "मामा, तुम्ही उठल्याशिवाय डबल बेल देत नाय." मुहूर्त गेला. शेवटी संस्कृती स्वतः आली, पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेल्या, पायात कोणाच्या तरी मोठ्या चपला. तिने हात पुढे केला आणि तुम्ही उठलात. एक वाजून पाच मिनिटांनी लग्न लागले. तोपर्यंत सोहम निघून गेला होता आणि वऱ्हाडाला भूक लागली होती. तुम्ही अंतरपाटामागे उभे राहिलात, अक्षता टाकल्यात आणि न जेवता तसेच डोंबिवलीला गेलात.

हे ऐकून अजिंक्य खुर्चीतून पुढे झाला. त्याने विचारले, म्हणजे दीडशे माणसे, एक वऱ्हाड आणि एक भरलेली एस.टी. या लग्नाची साक्षीदार आहे? मी म्हटले, हो. तो म्हणाला, "सर, रत्नागिरी जिल्ह्यात इतकं उघड लग्न गेल्या दहा वर्षांत झालं नसेल. याचा काही पुरावा?" मी म्हटले, व्हिडिओ होता. बऱ्याच जणांनी काढला होता. पण तुमच्या मानाला धक्का नको म्हणून मीच घरोघर जाऊन तो सर्वांच्या फोनमधून काढून टाकायला लावला. अजिंक्यने डोळे मिटले. म्हणाला, "म्हणजे पुरावाही नष्ट केलात. सर, आता तुम्ही खरंच क्लॅन्डेस्टिन आहात."

तर अशी इकडची हकीकत. बाकी विशेष नाही. शनिवारी मी पुन्हा सगळ्या घरी जाऊन आलो. या वेळी ईमेल वाचून दाखवले, मराठी करून, आणि शब्दही सांगितला. लाज वाटली, पण सांगितले. काकू ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंजे मी पोरीचं लगीन मोडलं?" तिला समजावताना मला पहिल्यांदा रडू आले. महिनाअखेर जवळ येते आहे. दिवसा मी बरा असतो. फोनवर ईमेल आल्याचा आवाज झाला की हातातले खाली पडते. काल भाताची रोपे पडली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लिहावेसे वाटले तर लिहा. न लिहिलेत तरी मी काही गैरसमज करून घेणार नाही, आणि करून घेतला तरी कागदावर लिहिणार नाही.

आपला,
गुणाजी

ता. क. पत्र लिहायचे कारण राहिलेच. तो व्हिडिओ आता फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. संदेशने तो त्याच संध्याकाळी तुम्हाला पाठवला होता, मी पुसायला सांगायच्या आधी. तुम्ही तो अजून बघता असे वहिनींनी गणपतीत मथुराकाकूला फोनवर सांगितले. (वहिनी, क्षमा करा. नाव घेतल्याशिवाय वाक्य पुरे होत नव्हते.) तो संस्कृतीला पाठवावा. सोबत तुम्ही स्वतः लिहून द्यावे की मी मुलीचा सख्खा मामा असून अमुक दिवशी अमुक वेळी एस.टी.च्या शेडमध्ये सर्वांसमक्ष पाऊण तास बसून होतो. 'रुसलो' असे लिहायची सक्ती नाही. 'बसलो' चालेल, असे अजिंक्य म्हणतो.

ता. क. दुसरे. व्हिडिओ कापून पाठवू नये. कापलेला घेत नाहीत. सातव्या मिनिटाला एक आवाज येतो. 'बसू दे त्यांना तिथेच. मामा नसला म्हणून लग्नं थांबत नाहीत.' तो माझा आवाज आहे, मी बांधापर्यंत येऊन परत फिरलो तेव्हाचा. तुम्हाला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. वर लिहिले आहे की तुमच्या मानासाठी मी व्हिडिओ पुसायला लावला. ते खरे नाही. माझ्या या वाक्यासाठी लावला. वकिलातीला सगळ्या संभाषणाचे इंग्रजी द्यावे लागते. बाकीचे व्हिडिओ आल्यावर होईल, या वाक्याचे मी आठवणीने आधीच केले आहे. ते अजिंक्यकडून तपासून घेतले. खाली बोलणाऱ्याचे नाव लागते, तिथे माझे लिहिले आहे. आप्पा, चूक झाली. हेही चौदा महिने गुपचूप होते. यातला गुपचूप कोणता, ते तुम्ही ठरवा.

ता. क. तिसरे. तो चौकशीवाला पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो आहे. अजिंक्यने विनंती करून आणवला. वाडी तयारीत आहे. प्रत्येकाला सगळे सांगायचे आहे आणि प्रत्येकाचे वेगळे आहे. काकूच्या सांगण्यात एस.टी. दोन झाल्या आहेत. एका गोष्टीवर मात्र सगळे अडले आहेत. इतके सगळे सांगितल्यावर तो विचारणार, मग ते मामा आता कुठे आहेत? याला काय उत्तर द्यायचे, असे वाडी मला रोज विचारते. मी त्यांना पुढच्या बुधवारपर्यंत थांबा म्हटले आहे.